दुसऱ्याच्या वतीनें

गरिबाविषयीं कळवळा वाटणें ही आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दुर्मिळ गोष्ट नाहीं. दारीं आलेल्याला आपण विन्मुख पाठवीत नाहीं. मोलकरणीच्या हुशार मुलीला वह्या-पुस्तकें घेऊन देतों, आणि तें करतांना मनाला खरोखर समाधान वाटतें. परंतु तीच मोलकरीण एके दिवशीं आठवड्याची हक्काची सुट्टी मागूं लागली म्हणजे आपल्या कपाळाला बारीकशी आठी पडते. पुस्तकें देणारा हात सुट्टीच्या वेळींच कां आंखडावा? दयेमध्यें देणारा वर आणि घेणारा खालीं ही मांडणी कायम राहते. हक्काची भाषा निघाली कीं ती डळमळूं लागते, हेंच त्याचें कारण असावें. दयेपासून वकिलीपर्यंतचा मार्ग वाटतो तितका सरळ नाहीं. तो चालून गेलेल्या एका पुरुषाचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ सालीं जमखंडी येथें एका मराठा कुटुंबांत झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून पदवी घेऊन ते प्रार्थना समाजाकडे वळले, आणि १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठीं गेले. बॅरिस्टर होऊन परतणारे त्या काळीं पुष्कळ होते. हा मनुष्य १९०३ सालीं निराळ्याच वकिलीची तयारी करून परतला.

ईश्वर सर्वांचा पिता आणि मनुष्यें परस्परांचीं भावंडें, हें प्रार्थना समाजाचें तत्त्व. १८६७ पासून मुंबईंत तें उपासनेच्या वेळीं उच्चारलें जात होतें, आणि उच्चारणारे ढोंगी नव्हते. पण तत्त्व उच्चारण्याची जागा आणि तें कसास लागण्याची जागा यांत अंतर होतें. शिंदे तें अंतर तोडून गेले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं परळ येथें अस्पृश्य मुलांसाठीं शाळा उघडून त्यांनीं ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना केली. बहीण जनाबाई हिनेंही त्या कार्यांत स्वतःला वाहून घेतलें.

शाळा काढणें मात्र दयेच्याही आटोक्यांतलें काम आहे. शिंदे यांच्या शिक्षणाचा खरा उपयोग पुढेंच दिसतो. अस्पृश्यता ही पूर्वकर्माची किंवा शास्त्राची आज्ञा म्हणून मान खालीं घालून स्वीकारावयाची, कीं ती केव्हां, कोणामुळें आणि कोणाच्या सोयीसाठीं रूढ झाली हें शोधावयाचें? धर्मांचा इतिहास अभ्यासलेल्या मनाला दुसरा मार्गच सुचला. जें अनादि म्हणून सांगितलें जातें तें सोसावें लागतें. जें कधीं तरी सुरू झालें तें बंदही करतां येतें. म्हणून शाळेच्या जोडीला सभा, परिषदा, अर्ज आणि ठराव आले. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसनें अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागें त्यांची खटपट होती.

येथवर कथा सोपी आहे. पण वकिलींत एक नाजूक प्रश्न असतो: अशिलानें वकीलपत्र परत मागितलें तर? आणि येथें तर तें रीतसर कोणीं दिलेंच नव्हतें! मतदानाच्या सुधारणांचा विचार चालू असतां, अस्पृश्यांचे प्रतिनिधि कायदेमंडळाच्या सभासदांनीं निवडावे अशी सूचना मिशनच्या बाजूनें झाली. १९२० च्या नागपूर परिषदेंत भीमराव आंबेडकर यांनीं तिचा कडक समाचार घेतला. आमचा माणूस आम्हीच निवडूं, असा त्या विरोधाचा आशय.

माझ्या मतें न्याय आंबेडकरांच्या बाजूस होता. ज्या मुलाला परळच्या शाळेंत बसवून तूं कोणाहून हलका नाहींस असें शिकविलें, त्यालाच मोठेपणीं तुझ्या वतीनें बोलणारा आम्ही ठरवूं, असें कसें सांगतां येईल? शिंदे यांचा हेतु कुटिल नव्हता. समाज दुभंगेल आणि त्याचा लाभ परकी सत्ता घेईल अशी त्यांना मनापासून भीति वाटे. तरीपण ज्याला वाचा फुटली त्याच्यापुढें वकिलानें आवाज उतरवावयास हवा. हें जें अवघड, तें पुस्तकी शिक्षणानें साधत नाहीं. येथें श्रद्धाच लागते, आणि तीही निराळ्या जातीची. वस्तींत जाण्यास लागणारी श्रद्धा पुष्कळांजवळ असते. तिला निदान पुण्याचें पाठबळ तरी असतें. बाजूला सरण्यास लागणाऱ्या श्रद्धेला टाळ्याही मिळत नाहींत.

१९२३ सालीं, मिशनचा कारभार आपल्याच हातीं असावा अशी मागणी अस्पृश्य समाजांतील कांहीं मंडळींनीं केल्यावर, शिंदे कार्यकारी मंडळांतून बाहेर पडले. त्यांना वाईट वाटलें, आणि तें वाटणें माणसाला साजेसेंच होतें. कार्याशीं असलेला संबंध मात्र त्यांनीं तोडला नाहीं. दहा वर्षांनीं, १९३३ सालीं, त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यांनीं त्यांचें पुढारीपण नाकारलें, त्यांच्याच दुःखाच्या मुळांचा तो शोध होता.