गव्हाणीतील अभाव

आमच्या गोठ्याच्या पूर्वेकडील मातीच्या भिंतीला, जमिनीपासून दोन हातांवर, परातीएवढा एक गुळगुळीत खळगा पडला होता, आणि तो कपिला नावाच्या आमच्या गाईने चाटून चाटून पाडलेला होता. तिच्या गव्हाणीत कडबा कधी कमी पडला नाही. तरीही ती भिंत चाटी, वाळत घातलेले धोतर चघळी, आणि एके सकाळी तर वडिलांच्या वहाणेचा पट्टा तिच्या तोंडात सापडला. घरात ह्याला खोड म्हणत, आणि खोडीवरचा रूढ इलाज म्हणून तिला मुसके बांधण्यात आले. नित्य गोग्रास काढून ठेवणाऱ्या आणि वसुबारसेला तिच्या पायांवर पाणी घालून तिची पूजा करणाऱ्या त्या भाविक घराच्या हातून हिंसा घडत आहे, असे त्या वेळी कोणी म्हटले असते, तर ते आम्हांस मुळीच खरे वाटले नसते.

गुरांच्या डॉक्टरांनी पुढे उलगडा केला, तो असा की ही खोड नसून स्फुरदाची (फॉस्फरसची) भूक आहे. पीक पक्व होऊ लागले म्हणजे झाडातील स्फुरद दाण्याकडे ओढले जाते. आणि मळणीनंतर दाणा कणगीत व काड गव्हाणीत अशी जी वाटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, तीत सत्त्वाचा मोठा हिस्सा माणसाकडे आणि नुसता भार जनावराकडे जातो. गव्हाच्या कोंड्यात शेकडा सुमारे १ भाग स्फुरद असते, तर काडात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यातही खेदाची गोष्ट ही, की कोंड्यातील हे स्फुरद ज्या संयुगात बांधलेले असते ते माणसाच्या पोटात नीटसे सुटत नाही, गाईच्या पोटातील सूक्ष्म जीव मात्र ते सहज सोडवितात. म्हणजे जे आपल्या फारसे कामाचे नाही तेदेखील आपण तिच्यापासून दूर ठेविले.

पण दूध थांबत नाही. एका लिटर दुधाबरोबर सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि जवळजवळ एक ग्रॅम स्फुरद गाईच्या शरीराबाहेर जाते, आणि चाऱ्यातून तेवढी जमा झाली नाही म्हणजे शरीर हा खर्च हाडांतून भागविते. आमची कपिला कित्येक महिने मुद्दल मोडून व्याज भरीत होती, आणि ते व्याज आम्ही तांब्याभर फेसाळलेल्या रूपात देवापुढे ठेवीत होतो.

येथे एक जुना वाद मला आठवतो. नित्यकर्म न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो असे कर्ममार्गी मानीत आले. त्यावर शंकराचार्यांनी गीताभाष्यात असा आक्षेप घेतला, की न करणे हा केवळ अभाव आहे आणि अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उत्पन्न व्हावी कशी? मी पुष्कळ दिवस ह्या आक्षेपाचा आधार घेत असे. आम्ही गाईला मारले नाही, उपाशी ठेविले नाही, एक क्षार तेवढा द्यावयाचा राहिला. एवढ्या राहून जाण्याला पाप कसे म्हणावे? परंतु विचार करता लक्षात आले, की आचार्यांचा तर्क आमची सुटका करीत नाही. तिचे हाड झिजले ते अभावामुळे आपोआप नव्हे. दररोज दोन वेळा कोणी तरी चरवी घेऊन तिच्या कासेखाली बसत होते, आणि ते बसणे ही संपूर्णपणे भावरूप, हेतुपूर्वक व आनंदाने केलेली क्रिया होती. देण्यातील उणीव अभाव असेल. घेणे अभाव नव्हते.

ह्याच भुकेविषयी दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्य सर अर्नोल्ड थायलर ह्यांनी १९२० च्या सुमारास जे शोधून काढिले, ते वाचून मन विषण्ण होते. तेथील स्फुरदहीन कुरणांवर चरणारी गुरे मेलेल्या गुरांची हाडे चघळीत, आणि त्या हाडांतील विषाने स्वतः लुळी पडून मरत. तृणभक्षी जीव आपल्याच जातीच्या अस्थींकडे वळतो, तो किती गांजलेला असेल!

गांधीजींनी गोरक्षेपेक्षा गोसेवा हा शब्द पसंत केला आणि १९४१ साली वर्ध्यास जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले, ते मला ह्याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते. रक्षण म्हटले की बाहेरचा शत्रू डोळ्यांपुढे येतो. सेवा म्हटले की गव्हाणीत हात घालून आत काय आहे ते पाहावे लागते. वसुबारसेला आमच्याकडील स्त्रिया गहू वर्ज्य करतात. त्या व्रताचे मूळ काहीही असो, डॉक्टरांनी उलगडा केला त्या वर्षी आईने त्याचा एक अर्थ आपल्यापुरता लावला आणि त्या संध्याकाळपासून कोंड्याचे घमेले व त्यात मूठभर खनिज मिश्रण हा गोग्रासाचा भाग ठरविला.

मुसके खुंटीवर गेले. दोन-अडीच महिन्यांनी कपिलेने भिंतीकडे तोंड नेणे सोडले. पुढच्या दिवाळीआधी गोठा सारविताना आईने सगळी भिंत लिंपली. तो खळगा तेवढा तिने तसाच ठेवावयास सांगितला.