गोधडी आणि नमुना

शिवणकाम हा धर्मगुरूच्या अधिकाराचा विषय नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. तरीही एका गोधडीने आम्हांला एका नैतिक प्रश्नापाशी आणून उभे केले, आणि तो वाचकांपुढे मांडावा असे वाटते. आखून दिलेल्या नमुन्याबरहुकूम काम करणे हा सद्गुण, की स्वतःच्या मनाने बेतणे?

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका धर्मग्रामात महिला मंडळाने गरजूंच्या मदतीसाठी गोधड्या शिवून सणाच्या दिवशी विकण्याचे ठरविले. सर्व नग एकसारखे दिसावेत म्हणून आम्ही एक छापील नमुना मिळवून दिला : दोन रंग, सारखे चौकोन. एका वयस्क मावशींनी आणलेल्या गोधडीत मात्र खालच्या बाजूस जुन्या पँटच्या जाड कापडाची आडवी पट्टी होती. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "मावशी, हे नमुन्यात नाही. तेवढी पट्टी उसवून आणा." त्या "बरं, फादर" एवढेच म्हणाल्या, गोधडीची घडी केली आणि निघून गेल्या. पुढल्या आठवड्यात त्या आल्या नाहीत.

काही महिन्यांनी त्यांच्या घरी आजाऱ्याला कम्युनियन देण्यास गेलो, तेव्हा तीच गोधडी नातवाच्या अंगावर दिसली. पट्टी तशीच होती. न राहवून आम्ही विचारले. त्या सहजपणे म्हणाल्या, "पायांकडंच आधी फाटते ना, फादर. म्हणून तिथं जाड लावलं."

आमची चूक शिस्तीचा आग्रह धरण्यात नव्हती. अनेक हातांनी मिळून काम करावयाचे तर काही माप ठरवावेच लागते. नवशिक्या मुलीला धावदोरा शिकवावयाचा तर डोळ्यांपुढे नमुना हवाच. पण नमुना हे साधन आहे हे विसरून आम्ही त्याला न्यायाधीश केले. "हे असे का केलेत?" एवढा प्रश्नही आमच्या तोंडून निघाला नाही.

पुढे आमच्या वाचनात अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या खेड्याची हकीकत आली. तेथील बहुतेक कुटुंबे कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या कृष्णवर्णीय गुलामांची वंशज. कामाच्या विटक्या कपड्यांतून तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवत आल्या. एकात एक चौकोन बसविण्याची 'हाउसटॉप'सारखी रचना साऱ्यांच्या ओळखीची. पण मनाने बेतलेल्या गोधडीला त्या 'माझी रीत' म्हणत. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या स्त्रीने दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. तशी गोधडी कोणत्या छापील नमुन्यात सापडणार?

त्याच भागात १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल पंथाच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. शहरांतील मोठ्या दुकानांकडून मागण्या आल्या. पण दुकानांना एकसारखे नग हवे होते. संस्थेच्या नावात स्वातंत्र्य आणि कामात ठरलेला नमुना, असा हा विरोधाभास. तथापि त्या कमाईने घरांना आधार मिळाला, आणि भरल्या पोटी त्या स्त्रियांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. उरलेले तुकडे स्त्रिया घरी नेत आणि त्यांतून आपापल्या रीतीच्या गोधड्या शिवत. २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत गीज बेंडच्या गोधड्या सन्मानाने टांगल्या गेल्या. नमुना पाळणारे हात आणि मनाने बेतणारे हात वेगळे नव्हते.

आपल्या शेजारीही असे उदाहरण आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या परिसरात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम होते. आज त्यांत हिंदू, मुसलमान व कॅथलिकही आहेत. त्यांच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने फिरत त्या मध्याकडे येतात. रंगांची मांडणी आधी कागदावर आखलेली नसते. परंतु चारी कोपऱ्यांना कापडाची 'फुले' लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. कोपरे परंपरेचे, मधला विस्तार शिवणारीचा.

यावरून आम्हांला असे वाटते की, मनाने बेतणे म्हणजे मन मानेल तसे करणे नव्हे. हाताशी कापड कोणते आहे, ते कोठे विरले आहे आणि ही गोधडी कोण पांघरणार आहे, हे तीन प्रश्न बेतणारीला चुकत नाहीत. नमुन्यावरून शिवणाऱ्याला "नमुन्यात तसेच होते" असे म्हणून सुटता येते. बेतणारीला मात्र प्रत्येक ठिगळाचा जाब द्यावा लागतो.

आपण पालकही शेजारच्या हुशार मुलाचा नमुना पुढे ठेवून आपले मूल बेतावयास बसतो. कापड कमी पडले की त्यालाच दोष देतो, आणि जे जाड, खरबरीत पण टिकाऊ असते ते उसवून टाकतो. त्याचे पाय पुढे कशाने झाकले जातील, याचा विचार तेव्हा कोण करतो?

त्या दिवशी आम्ही मावशींची क्षमा मागितली. "असू द्या, फादर," म्हणून त्यांनी चहा पुढे केला. मंडळात मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत. कोणाचेही काम नमुन्याशी ताडून पाहण्याआधी "हे असे का केलेत?" असे विचारण्याची सवय आम्ही तेव्हापासून लावून घेत आहोत. अजून ती पुरती लागलेली नाही.