रथी आणि सारथी एकच असताना

खंड ओलांडणाऱ्या रस्तेप्रवासात गाडी चालवणारा एकटाच असेल, तर तयारीच्या यादीत न मावणारा एक प्रश्न उभा राहतो: थांबायचे केव्हा, हे ठरवायचे कोणी? दोन चालक असले की एक दुसऱ्याच्या जड झालेल्या पापण्या पाहतो आणि स्टिअरिंग मागून घेतो. एकट्याच्या बाबतीत थकतो तोच आणि आपण किती थकलो याचा निवाडाही तोच करतो. प्रश्न व्यवहाराचा दिसत असला तरी भारतीय दर्शनांनी तो फार पूर्वीच हाताळला आहे.

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याहून असा प्रवास आखला, तर आरंभ सोपा आहे. शहापूरला मुंबई–आग्रा महामार्ग लागतो; पुढे कसारा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. अवघड भाग त्यानंतरचा. भारुलता कांबळे २०१६ मध्ये ब्रिटनहून एकट्या गाडी चालवत निघाल्या आणि म्यानमारमार्गे मणिपूरच्या मोरे सीमेवरून भारतात आल्या. म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता घेतल्यापासून ती वाट बेभरवशाची झाली आहे. मग उरते ती नेपाळ आणि तिबेटची वाट. चीनमध्ये परदेशी गाडीबरोबर स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो. तो शेजारी बसतो, पण चालक एकच राहतो. शिवाय व्हिसाच्या तारखा असतात आणि गाडी परत बाहेर नेण्याची हमी देणारे ‘कार्ने’ हे कागदपत्र असते. अमुक दिवशी अमुक सीमेवर पोहोचलेच पाहिजे, हा धाक या कागदांतून येतो.

कठोपनिषदात यम नचिकेताला रथाचे रूपक सांगतो. आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. घोडे उधळू नयेत, लगाम आवळून धरावा, असा या रूपकाचा अर्थ बहुधा घेतला जातो. एकट्या चालकाला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. उपनिषद रथी आणि सारथी वेगळे मानते आणि प्रवास तडीस जाण्याची जबाबदारी जाणत्या सारथ्यावर टाकते. तो सारथीच पेंगू लागला तर? लांबच्या रस्त्यावर घोडे उधळत नाहीत, ते दमतात. आणि त्यांच्याआधी बुद्धीवर झापड येते.

शरीरशास्त्राची साक्षही हीच आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. चार सेकंदांच्या डुलकीत ती १०० मीटर चालकाविना धावलेली असते. त्याहून घातक हे की दमलेल्या माणसाला आपला थकवा कमी वाटतो. ‘अजून तासभर सहज जाईन’ हे वाक्य ज्या बुद्धीतून निघते, तिचीच धार त्या वेळी गेलेली असते.

महाभारताच्या द्रोणपर्वात या पेचाचे फार सुंदर चित्र आहे. सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. त्या दिवशी वेळेइतके मोलाचे काहीच नव्हते. तरीही भर रणात, शत्रूने वेढलेले असताना रथ थांबला. अर्जुन खाली उतरून पायी लढत राहिला, बाणाने भूमी भेदून त्याने घोड्यांसाठी पाणी काढले. कृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि मगच पुन्हा जुंपले. ज्या दिवशी थांबणे सर्वात महाग होते, त्याच दिवशी थांबणे सर्वात गरजेचे होते. हे घडू शकले, कारण लढणारा एक होता आणि घोड्यांची निगा राखणारा दुसरा. एकट्या चालकाला अर्जुन, कृष्ण आणि घोडे या तिन्ही भूमिका स्वतःच कराव्या लागतात.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की देहाला झिजवणे हेच तप, आणि थकवा जिंकणे हा अशा प्रवासाचा अर्थच आहे. परंपरा याला दुजोरा देत नाही. सोण कोळिविस हा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्ताळेपर्यंत चालला, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण करून दिली: फार ताणलेली तार वाजत नाही, सैल तारही वाजत नाही. गीतेचा सहावा अध्याय तर थेट झोपेबद्दल बोलतो. अति जागणाऱ्याला योग साधत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय तप करणाऱ्याला आपला देह झिजवण्याचा अधिकार असेल, दुसऱ्याचा नाही. शहापूर–मुरबाडच्या रस्त्यांवर ठाकूर-कातकरी बायका डोक्यावर मोळी घेऊन कडेने चालतात. असे चालणारे प्रत्येक देशात आहेत. जैनांची ईर्यासमिती पाऊल टाकताना जीव चिरडू नये म्हणून पुढची जमीन पाहायला सांगते. दीड टनाच्या गाडीला तो नियम किती पटींनी लागू होईल!

मग निवाडा करायचा कोणी? उत्तर व्रताच्या कल्पनेत सापडते. व्रताचा संकल्प शांत चित्ताने, आधी केला जातो; भूक लागल्यावर उपास पाळायचा की नाही याचा विचार पुन्हा होत नाही. आषाढी वारी याच तत्त्वावर चालते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे विसावे आणि मुक्काम आळंदीहून निघण्यापूर्वीच ठरलेले असतात. पुण्यात दोन रात्री, दिवे घाट चढून गेल्यावर सासवडला दोन रात्री. वारकऱ्यांचा उत्साह कितीही असो, पालखी मुक्काम ओलांडून पुढे जात नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदाही दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असा नियम आधीच बांधून देत होता. तो पगारी चालकासाठी होता. स्वतःच्या गाडीत बसणाऱ्याने तो स्वतःला लावून घ्यायचा आहे.

म्हणून एकट्याच्या नियोजनात अंतराआधी मुक्काम लिहावेत. शेणव्याहून पहाटे निघणाऱ्याला पहिल्याच दिवशी इंदूर गाठण्याचा मोह होतो; अंतर सुमारे ५०० किलोमीटर. धुळ्यात किंवा सेंधव्यात थांबावे, कारण पहिल्या दिवशी मोडलेला नियम पुढच्या देशात पाळला जात नाही. प्रत्येक सीमेच्या तारखेआधी रिकामे दिवस ठेवावेत आणि ते कशानेही भरू नयेत. आजचा मुक्काम बदलण्याचा अधिकार घरच्या एका माणसाकडे द्यावा. तो दूर असला तरी जागा आणि ताजा असतो. कसारा घाट चढल्यावर इगतपुरीजवळ घाटनदेवीपुढे अनेक चालक हात जोडायला थांबतात. हा थांबाही कामाचा आहे.

थांब्याची सोय आधीच करून ठेवण्याची ही रीत जुनी आहे. मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळात कल्याण बंदराच्या व्यापाराची वाट होता. घाटमाथ्यावर राणी नागनिकेचा शिलालेख असलेले लेणे आहे आणि वाटसरूंसाठी कातळात खोदलेली टाकी आहेत. दोन हजार वर्षांनंतरही त्या टाक्यांत पाणी असते.