आपल्याच संघाने हरावं?

26 मार्च 2015 च्या रात्री बफेलोमध्ये तिथला सेबर्स संघ आणि अ‍ॅरिझोना कायोटीज यांचा आइस हॉकीचा सामना बरोबरीत राहून अतिरिक्त वेळेत गेला. तिथे अ‍ॅरिझोनाच्या सॅम गॅग्नेने गोल केला, पाहुणे 4-3 ने जिंकले आणि बफेलोच्याच प्रेक्षकांमधून जल्लोष उठला. आपल्या संघाच्या हारीवर घरची माणसं टाळ्या वाजवत होती. सेबर्सचा बचावपटू माइक वेबर सामन्यानंतर बोलला तेव्हा मनातून दुखावलेला होता. या प्रेक्षकांबद्दल आपण कायम चांगलंच बोलत आलो, असं त्याने सांगितलं. त्याच्या बोलण्यातला तो सल मला अजून आठवतो.

त्या प्रेक्षकांना वेड्यात काढून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांचा हिशेब पक्का होता. नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा 30 संघ होते. प्रत्येकाने 82 सामने खेळायचे, त्यातून 16 संघ प्लेऑफला जायचे. उरलेल्या 14 संघांत सोडत निघायची आणि ज्याचं नाव येईल त्याला त्या वर्षीच्या नव्या पोरांमधून पहिला खेळाडू उचलता यायचा. अगदी तळाच्या संघाचं नाव निघण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, 20 टक्के. आणि त्या वर्षी निवडीसाठी उभा होता कॉनर मॅकडेव्हिड, अठरा वर्षांचा, पिढीत एखादाच निपजावा असा. सेबर्सच्या व्यवस्थापनाने फेब्रुवारीत योनास एन्रोथ आणि मार्चमध्ये मिखाल नॉयविर्ट हे दोन्ही गोलरक्षक दुसऱ्या संघांना देऊन टाकले होते. शहराने त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

बफेलोपासून गाडीने पाचेक तासांवर, कॅनडाच्या राजधानीत, ओटावात मी राहतो. आमच्या सेनेटर्स संघाचीही त्या फेब्रुवारीत दैना होती. 10 फेब्रुवारीला प्लेऑफच्या शेवटच्या जागेपासून संघ 14 गुण मागे होता. जिंकलं तर दोन गुण मिळतात, आणि पुढे असलेले संघही काही हातावर हात धरून बसत नाहीत, हे लक्षात घेतलं की 14 गुण म्हणजे किती ते कळतं. त्यात मुख्य गोलरक्षक क्रेग अँडरसन जखमी. दुसरा गोलरक्षक रॉबिन लेनर 16 तारखेला आपल्याच संघातल्या खेळाडूवर आदळला आणि डोक्याला मार लागून बाहेर गेला. आमच्या मराठी मंडळात एक काका आहेत, तरुणपणी इथे आलेले, हॉकीचे जुने जाणकार. ते म्हणाले, "आता उगाच धडपडून काय उपयोग? अधांतरी राहाल. त्यापेक्षा तळाला जा, चांगला पोरगा तरी पदरात पडेल." मी म्हटलं, "काका, पण जे आत्ता खेळतायत त्यांनी काय करायचं?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हिशेबाच्या भाषेत त्याला उत्तर नाहीच.

मग अँड्र्यू हॅमंड गोलपुढे उभा राहिला. वय 27, नव्या पोरांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, कुणीही न घेतलेला. त्या हंगामात तो बिंगहॅम्टनच्या दुय्यम संघात खेळत होता आणि तिथेही त्याची कामगिरी बेताचीच होती. 18 फेब्रुवारीला त्याने पहिल्यांदाच सामन्याच्या सुरुवातीपासून गोल राखला, समोर माँट्रियल, आणि ओटावा 4-2 ने जिंकलं. त्यानंतर जे झालं ते पाहिलेल्या माणसाला अजून सांगावंसं वाटतं. पहिल्या बारा सामन्यांत एकदाही त्याच्यावर दोनपेक्षा जास्त गोल झाले नाहीत. तसं आधी फक्त फ्रँक ब्रिमसेकने केलं होतं, 1938-39 मध्ये. हंगाम संपला तेव्हा हॅमंडच्या खात्यावर 20 विजय होते आणि नियमित वेळेतली हार फक्त एक. मार्क स्टोन आणि माइक हॉफमन ही पहिल्याच पूर्ण हंगामातली पोरं पुढे गोल करत होती.

त्याला टोपणनाव पडलं हॅम्बर्गलर, मॅक्डोनाल्ड्सच्या जाहिरातीतल्या बर्गरचोराचं. संघ जिंकल्यावर लोक बर्फावर बर्गर फेकू लागले. 19 मार्चला बॉस्टनला 6-4 ने हरवल्यावर कर्टिस लाझार या पोराने त्यातला एक बर्गर उचलला आणि घास घेतला. बॉस्टन म्हणजे ज्याच्या मागे आम्ही 14 गुण होतो तोच संघ. 11 एप्रिलला, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, फिलाडेल्फियाला 3-1 ने हरवून ओटावा प्लेऑफमध्ये गेलं. गुण 99. बॉस्टन 96 वर थांबलं आणि बाहेर राहिलं.

आता माझ्या मनात सगळ्यांत खोल रुतलेली गोष्ट. त्या हंगामात संघाचे सरव्यवस्थापक ब्रायन मरे यांना चौथ्या टप्प्यातला कर्करोग होता आणि तो त्यांनी जाहीरपणे सांगितला होता. साहाय्यक प्रशिक्षक मार्क रीड्स यांनाही कर्करोगच. ओटावाची जागा पक्की झाली 11 एप्रिलला. रीड्स गेले 14 एप्रिलला. प्लेऑफचा पहिला सामना 15 ला. "पाच वर्षांनी बघा, फळ मिळेल" असं म्हणणाऱ्या माणसाने हे आठवावं असं मला वाटतं. पाच वर्षांनंतरचा हंगाम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. खेळाडूचा गुडघा निकामी होतो, गोलरक्षकाचा फॉर्म जातो, आणि कुणाचं आयुष्यच सरतं. रीड्स यांच्यासाठी जो होता तो हाच हंगाम, आणि त्यांची पोरं त्यात शेवटच्या दिवसापर्यंत झुंजली.

लोक विचारतात, पण मिळालं काय? पहिल्याच फेरीत माँट्रियलने आम्हाला 4-2 ने घरी पाठवलं. त्या मालिकेत तिसऱ्या सामन्यापासून हॅमंडच्या जागी अँडरसन आला. पुढच्या हंगामात संघ प्लेऑफला गेलाच नाही. हॅमंडला तो सूर पुन्हा तसा सापडला नाही. सगळं खरं. आणि हरण्याची आस धरलेल्या बफेलोला? सेबर्स 54 गुणांवर, ठरल्याप्रमाणे तळाला राहिले. सोडत मात्र निघाली एडमंटनच्या नावाने, शक्यता साडेअकरा टक्के असताना. मॅकडेव्हिड तिकडे गेला. बफेलोला दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकेल मिळाला, तोही उत्तम खेळाडू. पण त्याच्यासह संघ एकदाही प्लेऑफपर्यंत पोचला नाही. मानेच्या शस्त्रक्रियेवरून त्याचा संघाशी वाद झाला, 2021 मध्ये तो वेगसला गेला आणि 2023 मध्ये तिथे त्याने लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप उचलला.

यावरून बफेलोला नियतीने शिक्षा केली असं मी म्हणणार नाही. सोडत ही सोडत असते. ती त्यांच्या बाजूनेही लागू शकली असती. मॅकडेव्हिड बफेलोला मिळाला असता तरी 26 मार्चच्या टाळ्या मला चुकीच्याच वाटल्या असत्या. बर्फावरचा माणूस अंगावर चकती झेलतो, दात पाडून घेतो, आणि हे करताना त्याला एवढंच ठाऊक असतं की वर बसलेली हजारो माणसं आपली आहेत. व्यवस्थापनाने दूरचा विचार करावा, ते त्यांचं काम आहे. पण मनात कोणती इच्छा धरायची हे तरी चाहत्याच्या हातात असतं. ज्याच्या नावाचा शर्ट आपण अंगात घातला त्याने पडावं अशी इच्छा आपण धरली, की तो माणूस आपल्यासाठी उद्याच्या कुणाची तरी किंमत बनतो.

चाहत्याचा हा पेच नियमांनी सुटण्यासारखा आहे, याचा मला मोठा आनंद आहे. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे पीडब्ल्यूएचएलमध्ये, वेगळी पद्धत आहे. प्लेऑफची आशा संपली की त्या दिवसापासून संघ जे गुण मिळवेल ते मोजले जातात, आणि ज्याचे ते जास्त त्याला पहिली निवड. पहिल्या वर्षी ती न्यूयॉर्कला मिळाली आणि त्यांनी सारा फिलिअरला घेतलं. ओटावाचाही संघ त्या लीगमध्ये आहे. आमच्या पोरी बाद झाल्या तरी शेवटच्या सामन्याला त्यांनी जिंकावं असंच काकांनाही वाटणार, आणि तिकीट काढून त्यांना सोबत नेण्याचा माझा विचार आहे.