हौसेचे मोल

'हौसेला मोल नाही' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिचे दोन अर्थ होतात हे आपल्या ध्यानातही येत नाही. लेकीच्या लग्नात हात सैल सोडणाऱ्या बापाची पाठराखण करताना आपण ती म्हणतो, आणि शेजाऱ्याने दाराशी नवी गाडी आणून उभी केली म्हणजे किंचित नाक मुरडून पुन्हा तीच म्हणतो. पहिल्या वेळी तिचा अर्थ असा, की हौस ही पैशांत मोजण्याची गोष्टच नव्हे. दुसऱ्या वेळी अर्थ असा, की हौशी माणसाला पैशाची किंमत नाही. एकाच म्हणीने स्तुती करावी आणि निंदाही करावी, यावरून हौसेविषयी आपल्या मनात केवढा गोंधळ आहे हे दिसून येते.

दिवाळी हा तर हौसेचाच सण. तेव्हा फराळाचे ताट घटकाभर बाजूला सारून एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या वस्तूवाचून जगात कोणाचेही अडत नाही, तिची हौस धरणे नीतीला धरून आहे काय? प्रश्न नीट पारखायचा तर उदाहरण टोकाचे घ्यावे. म्हणून मी इटलीच्या वेगवान मोटारींचे उदाहरण घेतो : फेरारी, लॅम्बोर्गिनी आणि त्यांची भावंडे.

हिंगोली जिल्ह्यात बसून असल्या मोटारींचा विचार करावा, यात थोडा विनोद आहे हे मी जाणतो. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा शेतकऱ्यांचा. वसमतच्या बाजाराला निघालेली हळदीची पोती, सोयाबीनने भरलेल्या ट्रॉल्या आणि औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चाललेल्या जीपगाड्या ही इथली वाहतूक. भुईला पोट लावून धावणारी एखादी लॅम्बोर्गिनी चुकून इथे आलीच, तर पहिल्या गतिरोधकावरच अडून बसायची. तरीही तिचे चित्र इथल्या पोरांच्या मोबाइलमध्ये असते. आणि थोडे खोलात शिरले, तर ती आपल्याला वाटते तितकी परकीही नाही.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी १९१६ साली उत्तर इटलीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तो मुलूख पो नदीच्या खोऱ्यातला. सपाट आणि कसदार. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या टाकाऊ वाहनांचे भाग गोळा करून त्याने ट्रॅक्टर बांधायला घेतले, १९४८ मध्ये त्याचा कारखाना निघाला आणि तो धनाढ्य झाला. पैसा आला तशी दाराशी फेरारी आली. तिच्या क्लचची तक्रार घेऊन तो थेट एन्झो फेरारीकडे गेला आणि 'तू आपला ट्रॅक्टर चालव' अशा अर्थाचे उत्तर ऐकून परतला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १९६३ मध्ये सांतआगाता बोलोन्येसे या गावी त्याने स्वतःचा मोटारींचा कारखाना उभारला, हे मात्र खरे. आणि त्या मोटारींवर चिन्ह म्हणून त्याने काय घातले? बैल! १९६६ साली आलेल्या त्याच्या सर्वांत देखण्या मोटारीला झुंजीचे बैल पैदा करणाऱ्या एका स्पॅनिश घराण्याचे नाव मिळाले : मिउरा. पुढच्या कित्येक मोटारींची नावेही बैलांवरूनच पडली.

शेतकरी, ट्रॅक्टर आणि बैल! ही कथा हिंगोलीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूपहळदीने मळून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे त्यांना सांगणारा, आणि दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड लावून, पाठीवर झूल टाकून त्यांना मिरवणारा शेतकरी हौसेला परका कसा असेल? शंकरपटाची जोडी बाळगणारे एखादे घर पाहावे. ती जोडी औताला जुंपायची नाही. घरातल्यांच्या ताटात भाकरी-चटणी असली तरी तिचा खुराक चुकायचा नाही. हिशेबाच्या वहीत ती जोडी निव्वळ तोट्याची. पण ती पळू लागली म्हणजे घरधन्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते वहीच्या कोणत्या रकान्यात मांडावे?

तेव्हा उपयोग ही वस्तूची एकमेव कसोटी मानून चालणार नाही. औंढ्याच्या देवळाच्या भिंतींनी छपराचा भार पेलला, एवढ्याने काम भागत होते. त्यांवर हत्ती आणि मूर्ती कोरल्या नसत्या तरी देऊळ उभे राहिलेच असते. रांगोळीने अंगण स्वच्छ होत नाही आणि आकाशकंदिलाच्या उजेडात कोणी पोथी वाचीत नाही. माणूस गरजेपुरते करून थांबला असता, तर तो जगला असता. पण त्याला सण माहीत झाला नसता. मिउराचा आकार ज्याच्या हातून उतरला तो मार्चेल्लो गांदिनी त्या वेळी जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. फेरारीच्या '२५० जीटीओ' या शर्यतीच्या मोटारीचे अॅल्युमिनियमचे पत्रे मोदेना गावी स्कालिएत्तीच्या कारखान्यात कारागिरांनी हाताने ठोकून वळवले. तांबट आळीत ज्याने घागर घडताना पाहिली आहे, त्याला त्या कामाची जात ओळखू येईल. अशा वस्तूचा मोह पडणे हा मनाचा हलकेपणा आहे, असे मला वाटत नाही.

परंतु इथेच थांबलो, तर श्रीमंतांच्या प्रत्येक चैनीवर कलेचे पांघरूण घालण्याची सोय होईल. हौसेला मोल नाही, ही गोष्ट मुळात खरी नाही. हौसेला मोल असतेच. कित्येकदा ते फेडणारा माणूस दुसराच असतो, एवढेच.

१२ मे १९५७ रोजी इटलीत 'मिल्ले मिलिया', म्हणजे हजार मैलांची, शर्यत चालू होती. ब्रेशियाहून निघून रोमला वळसा घालून परत यायचे, तेही वाहत्या सार्वजनिक रस्त्यांवरून. रस्त्याच्या कडेला गावेच्या गावे लोटत. गुइदिद्झोलो या गावाजवळ फेरारीच्या एका मोटारीचे टायर फुटले आणि भरधाव मोटार बघ्यांत घुसली. चालक आणि त्याचा सोबती गेले. त्यांनी धोका पत्करलेलाच होता. पण त्यांच्याबरोबर नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पाच मुले होती. एन्झो फेरारीवर खटला झाला आणि १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. कायद्याने त्याला सोडले. त्या शर्यतीला मात्र लोकांनी क्षमा केली नाही. जुन्या स्वरूपात ती पुन्हा धावली नाही.

ही दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात मध्यरात्रीनंतर एका परदेशी बनावटीच्या भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार एका अल्पवयीन मुलाच्या हाती होती, असे पोलिसांनी सांगितले. ती मोटार जर्मन होती की इटालियन, याला इथे महत्त्व नाही. ज्यांनी ती विकत घेतली नव्हती आणि जे तीत बसलेही नव्हते, त्यांनी तिचे मोल चुकते केले. बैलांच्या शर्यतींचा वादही याच जातीचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या आणि २०२३ साली महाराष्ट्राचा सुधारलेला कायदा ग्राह्य धरून नियमांच्या चौकटीत चालू राहू दिल्या. या नऊ वर्षांच्या वादाचा गाभा एवढाच होता, की मालकाची हौस मुक्या जनावराच्या पाठीने फेडायची काय? मोटारीला निदान पाठ नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला ती आहे.

मोल नेहमी रक्तानेच द्यावे लागते असे नाही. २००२ साली सचिन तेंडुलकरने कसोटी शतकांच्या संख्येत डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली, तेव्हा त्याला फेरारीची '३६० मोदेना' भेट मिळाली. ती त्याच्या हाती देणारा खुद्द मायकेल शूमाकर. देणारा तोलाचा, घेणारा तोलाचा. भेट मानाची होती. मोटार भारतात आणायची तर जकात एक कोटी रुपयांहून अधिक होत होती. सरकारने ती माफ केली आणि गहजब झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. मला या प्रसंगात कोणाचा दोष काढायचा नाही. मला नवल वाटते ते लोकांचे. ज्या खेळाडूवरून ते जीव ओवाळून टाकीत होते, त्याच्यासाठी जकात सोडायला मात्र ते तयार झाले नाहीत. त्यांच्या मनात मत्सर नव्हता. त्याची हौस त्याला लखलाभ असो, पण तिचा भार सर्वांच्या तिजोरीवर पडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सामान्य माणसाची नीतीची जाण कधी कधी पंडितांपेक्षा चोख असते, ती अशी. पुढे २०११ साली ती मोटार सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

आता वस्तूच्या बाजूनेही थोडा विचार केला पाहिजे. '२५० जीटीओ' १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या छत्तीस झाल्या. तेव्हा अमेरिकेत तिची किंमत अठरा हजार डॉलरच्या आसपास होती. २०१८ साली त्यांतली एक लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरना गेली. असे भाव फुटले, की धावण्यासाठी जन्मलेली वस्तू तिजोरीतल्या सोन्याच्या विटेप्रमाणे कुलूपबंद होते. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा ढोलवादक निक मेसन याने मात्र १९७७ साली सदतीस हजार पौंडांच्या आसपास घेतलेली आपली जीटीओ पुढेही शर्यतीत पळवली. भाव तिचाही चढलाच. पण त्याने तिला मोटारच राहू दिले.

गंमत अशी, की इथे नीती आणि यंत्रशास्त्र एकच सल्ला देतात. जुनी इटालियन मोटार घेऊ इच्छिणारा नवखा माणूस कमीत कमी धावलेली मोटार शोधतो. जाणता माणूस अशा मोटारीला भितो. उभ्या मोटारीत रबरी सील वाळतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा साचतो, टायर न झिजताही कडक होऊन तडकतात. फेरारीच्या अनेक इंजिनांतला टायमिंग पट्टा मोटार हलली नाही तरी ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. तो तुटला तर इंजिनाची राख होते. '३५५' मध्ये तर त्या एका पट्ट्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. म्हणून अनुभवी लोक मोटारीच्या आधी तिची दुरुस्तीची बिले वाचायला मागतात, आणि खरेदीच्या किमतीशेजारी सांभाळण्याची किंमत मांडून मगच हो म्हणतात. नव्या मोटारीचे दुखणे निराळे. ती चालकाच्या चुका स्वतःच सावरून घेते, त्यामुळे हातात कौशल्य नसले तरी वेग येतो, आणि वेग आपलाच पराक्रम आहे असा भ्रम होतो. जुनी मोटार शिकवणी घेते. नवी शाबासकी देते. घेणाऱ्याने आपल्याला यांपैकी कशाची गरज आहे ते आधी ओळखावे.

खरे म्हणजे महाराष्ट्राच्या घरोघरी ओळखीची झालेली इटालियन मोटार शर्यतीची नव्हतीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होई. पुढे तीच पद्मिनी झाली आणि काळीपिवळी होऊन मुंबईभर फिरली. तिच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा माणसे हळहळली. तिच्यात वेग नव्हता की डौल नव्हता. पण तिने चालवणाऱ्याचे पोट भरले होते आणि मालकाच्या हाताने ती पुसली गेली होती. माया वापरातूनच जडते, याला याहून निराळा पुरावा कशाला हवा?

आणि फेरुच्चो? त्याने सत्तरीच्या दशकात मोटारींचा कारखाना विकून टाकला, उंब्रियात जमीन घेतली आणि द्राक्षांचे मळे लावले. १९९३ मध्ये वारला तोवर तो पुन्हा शेतीतच रमलेला होता. हौस झाली, ती स्वतःच्या कमाईवर झाली, आणि तिच्यापायी त्याची जमिनीची ओढ सुटली नाही.

मोबाइलमध्ये लाल मोटार पाहणाऱ्या आपल्या पोरांना 'ही आपली कामे नव्हेत' असे सांगू नये. देखण्या वस्तूचे वेड लागू द्यावे. त्यातून एखादा चांगला कारागीरही निपजेल. फक्त पोळ्याला बैलाचा खांदा मळताना त्यांना जवळ बोलवावे आणि जुवाचा घट्टा कुठे पडला आहे तो हाताने चाचपू द्यावा. प्रत्येक हौसेचे जू कोणाच्या तरी खांद्यावर असते. ते आपल्या स्वतःच्या खांद्यावर आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याने खुशाल दिवाळी करावी.