सीमेवर पाण्याचे काय होते?

जमिनीत सोडलेली लहर एका खडकातून दुसऱ्यात शिरते तेव्हा तिचा काही भाग मागे परततो. पृथ्वीच्या पोटाविषयीची आपली बरीचशी माहिती या परतलेल्या भागावर उभी आहे. पण लहर परतते ती नेमकी कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू बदलत गेले. भूभौतिकीतल्या गाजलेल्या शोधांइतकाच हा बदल मला मोलाचा वाटतो.

१८९९ मध्ये कारगिल नॉट यांनी या परावर्तनाचे गणित मांडले. त्याआधी टोकियोत शिकवत असताना त्यांनी भूकंपांचा जवळून अभ्यास केला होता. पुढे ग्योटिंगेनच्या कार्ल झ्योप्रिट्झ यांनी ते अधिक थेट रूपात लिहिले. झ्योप्रिट्झ १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारले; त्यांची समीकरणे छापून आली ती १९१९ मध्ये. दोघांच्याही लेखी खडक म्हणजे सलग, एकजिनसी घन पदार्थ. त्याची घनता आणि प्राथमिक (दाबाच्या) व दुय्यम (पिळाच्या) लहरींचे वेग कळले की झाले. सीमेवर आलेल्या एका लहरीतून चार निघतात : दोन मागे, दोन पुढे. अज्ञात चार आणि अटीही चार. हिशेब इतका चोख की तेलशोधाचे काम आजही मुख्यतः त्यावरच चालते.

तेल मात्र सलग दगडात नसते. ते वालुकाश्माच्या, चुनखडीच्या छिद्रांत असते. मुंबई हायचा मुख्य साठाही चुनखडीतलाच. मग छिद्रांतल्या द्रवाला या हिशेबात जागा कोणती? झ्युरिकच्या फ्रिट्झ गासमान यांनी १९५१ मध्ये पहिले नेमके उत्तर दिले. द्रवामुळे खडक दाबायला अधिक कठीण होतो, पण त्याच्या पिळाला होणाऱ्या विरोधात फरक पडत नाही. म्हणून पाण्याच्या जागी वायू आला की प्राथमिक लहर मंदावते, दुय्यम लहर जवळपास तशीच राहते. १९७०च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात वायूच्या साठ्यांवरून येणारी ठळक परावर्तने शोधली जाऊ लागली, त्यांच्यामागचे कारण हेच. त्यातली फसगतही इथलीच : छिद्रांत चार-पाच टक्के वायू असला तरी परावर्तन जवळजवळ तितकेच ठळक दिसते, आणि विहीर खोदल्यावर हाती काही लागत नाही.

गासमान यांच्या सूत्रात द्रव खडकाबरोबरच हलतो. त्याला स्वतःची हालचाल दिली मॉरिस बिओ यांनी. त्यांच्या १९५६ च्या दोन निबंधांत घन सांगाडा आणि द्रव एकमेकांविरुद्धही सरकू शकतात, आणि त्यातून तिसरी, संथ लहर निघते. याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९४४ मध्ये तिची चाहूल दिली होती. प्रयोगशाळेत ती स्पष्टपणे दिसली १९८० मध्ये : टॉमस प्लोना यांनी काचेचे मणी तापवून एकमेकांना चिकटवले, त्यांत पाणी भरले आणि त्यातून श्राव्यातीत लहरी पाठवल्या. तेलशोधातल्या दहा ते शंभर हर्ट्झच्या लहरींत मात्र ती लहरीसारखी धावतच नाही. लोखंडात उष्णता पसरावी तशी ती सीमेजवळ पसरते आणि विरते.

विरते म्हणून तिला वगळायचे का? अनेक वर्षे तेच झाले. माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. आता सीमेवर चारऐवजी सहा लहरी निघतात, म्हणून अटीही सहा लागतात. आणि नव्या दोन अटी दगडाविषयी नाहीत, पाण्याविषयी आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंना द्रवाचा दाब सारखा असतो का? द्रव सीमा ओलांडतो का? डेरेसिएविच आणि स्कॅलक यांनी १९६३ मध्ये तीन शक्यता मांडल्या : छिद्रे जुळलेली, छिद्रे बंद, किंवा दोहोंच्या मधली, थोडा अडथळा करणारी सीमा. यांतली खरी कोणती यावर पुढे बराच काळ मतभेद राहिले. १९९९ मध्ये गुरेविच आणि शोनबर्ग यांनी दाखवले की बिओंच्या समीकरणांशी सुसंगत अट एकच, मोकळ्या छिद्रांची. बंद वाटणारी सीमा ही रेषा नसतेच. तो कमी पाझरणारा एक पातळ थर असतो, आणि त्याला थर म्हणूनच हिशेबात घ्यावे लागते. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. गणिताच्या सोयीसाठी ओढलेल्या रेषेला त्याने पुन्हा खडक बनवले.

याचा उपयोगही आहे. द्रव सीमेपाशी पुढेमागे झाला की लहरीची थोडी ऊर्जा खर्च होते, आणि परावर्तन कंप्रतेनुसार बदलते. दिमित्री सिलिन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की कमी कंप्रतेला हा फरक कंप्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आणि त्यात खडकाची पाझरक्षमता व द्रवाचा चिकटपणा दोन्ही येतात. खडकातून द्रव किती सहज वाहतो हे विहीर न खोदता कळण्याची ही शक्यता आहे. शक्यताच, कारण प्रत्यक्ष नोंदींत इतर कारणांनी होणारा ऊर्जाक्षय यातून वेगळा काढणे अतिशय कठीण असते.

द्रवाचा प्रभाव किती मोठा असू शकतो याचा पुरावा उत्तर समुद्रात आहे. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या उत्सिरा वालुकाश्मात सोडला जाऊ लागला. १९९४ च्या सर्वेक्षणात त्या वालुकाश्मातले जेमतेम मीटरभर जाडीचे पंकाश्माचे थर दिसत नव्हते. १९९९ मध्ये त्यांच्याखाली कार्बन डायऑक्साइड अडकलेला होता, आणि एकामागोमाग एक ठळक परावर्तने उमटली. खडक तोच होता. बदलला होता फक्त छिद्रांतला द्रव.