एकाकी पद

1942 साली नागपुरात दोन गोष्टी घडल्या. नागपूर विद्यापीठाची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपली एलआयटी, सुरू झाली. तिच्यामागे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेले दान होते. त्याच वर्षी जुलैत अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. आंबेडकरांचे भाषण झाले, आणि ठरावांत गिरणीतल्या बायकांच्या कामाच्या अटींचाही विषय होता. शहर एकच, वर्ष एकच. पण एलआयटीच्या प्रयोगशाळेची आणि त्या मंडपातल्या बायांच्या लेकीसुनांची गाठ पडायला पुढे कित्येक वर्षे गेली.

ती पडली प्रवेशाच्या दाराशी. हे दार आज बऱ्यापैकी उघडे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे. आयआयटी आणि एनआयटींमध्ये 2018 पासून मुलींसाठी जादा जागा निघाल्या, त्यात नागपूरची आपली व्हीएनआयटीही आली. जुलै 2024 मध्ये सरकारने वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची फी पूर्ण माफ केली. 2016 च्या दिव्यांग कायद्याने उच्च शिक्षणात 5 टक्के जागा दिल्या. वर्गात डोकावले तर फरक दिसतोही.

माझा प्रश्न वर्गाच्या पलीकडच्या खोलीचा आहे. परीक्षा विभागाचे सॉफ्टवेअर कोण चालवते? वेबसाइट कोण सांभाळते? सर्व्हरच्या खोलीची किल्ली कोणाच्या खिशात असते? सर्वसमावेशक विद्यापीठाची भाषणे विद्यार्थ्यांच्या आकड्यांवर थांबतात, या खोलीपर्यंत येतच नाहीत.

त्याने काय बिघडते, ते एका परिपत्रकावरून सांगतो. आपल्याकडे परिपत्रक निघते कसे? बाबू ते श्रीलिपीत टाइप करतो. प्रिंट निघते. साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो. मग तो कागद स्कॅन होतो, किंचित तिरपाच, आणि पीडीएफ म्हणून वेबसाइटवर चढतो. आता अंध विद्यार्थिनी ते उघडते. तिच्या संगणकात एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळते आणि मराठीही वाचते. पण या फायलीत अक्षरेच नाहीत, आहे तो कागदाचा फोटो. सॉफ्टवेअर गप्प. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख तिला रूममेटकडून वाचून घ्यावी लागते. उपाय अगदी साधा: तोच मजकूर युनिकोडमध्ये शेजारी टाका. पैसा लागत नाही, निविदा लागत नाही. वेब विभागात एक जरी अंध सहकारी असता, तरी पहिल्याच आठवड्यात त्याने ही गोष्ट टेबलावर आपटून सांगितली असती. जे त्या खोलीत बसतात त्यांना ही अडचण येत नाही, म्हणून ती कोणाला सुचतही नाही. यात दुष्टावा कोणाचाच नाही.

ऑनलाइन अर्जाचेही तसेच. वडिलांच्या नावाचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकू द्यायचे नाही, हे कोणीतरी कधीतरी ठरवलेले असते. एकट्या आईने वाढवलेली मुले तिथे अडकतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या आधी लिहायचे, असे राज्याने ठरवले. ती बाळे कॉलेजात यायला 2042 उजाडेल. तोवर रकाना तसाच राहायचा का?

मग अशा खोलीत वेगवेगळी माणसे का पोचत नाहीत? लायकीचा मुद्दा लोक लगेच काढतात. मला तो पटत नाही. दरवर्षी सगळ्या समाजांतली मुलेमुली याच शहरात संगणकाच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात, आणि शहराजवळच्या मिहान औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांना ती चालतात. अडसर आहे तो बिंदुनामावलीत, म्हणजे कितवे पद कोणत्या प्रवर्गाला जाईल हे ठरवणाऱ्या यादीत.

आरक्षण चालते संवर्गातल्या पदांच्या संख्येवर. विद्यापीठात कारकून पुष्कळ, त्यामुळे तिथे बिंदू फिरतात. तांत्रिक पदे मात्र एकेकटी असतात: एक सिस्टीम मॅनेजर, एक प्रोग्रामर. सरकारी फायलीत याला एकाकी पद म्हणतात, आणि एकाकी पदाला आरक्षण लागत नाही; एकच पद राखीव ठेवणे म्हणजे शंभर टक्के आरक्षण, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये चंदीगडच्या पीजीआय प्रकरणात दिला. तर्क समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की ज्या खुर्चीवर निर्णय होतात, नेमकी तीच खुर्ची पिढ्यानपिढ्या आरक्षणाच्या हिशेबाबाहेर राहते.

प्राध्यापकांच्या बाबतीत हाच खेळ देशाने पाहिला. 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हेच एकक धरा म्हटले, आणि मार्च 2018 मध्ये यूजीसीने तसे परिपत्रक काढले. त्यातून आलेल्या, 13 बिंदूंची म्हणून ओळखल्या गेलेल्या यादीत चौथे पद ओबीसीचे, सातवे अनुसूचित जातीचे आणि चौदावे अनुसूचित जमातीचे. चौदा प्राध्यापकांचा विभाग किती ठिकाणी असतो? म्हणजे गोंड किंवा माडिया तरुणाने नेट परीक्षा पास होऊन वाट बघत बसायचे. देशभर आंदोलने झाली, आणि 2019 मध्ये संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांपुरते पूर्ण विद्यापीठ हे एकक केले. एकक बदलले की न्याय बदलतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. तांत्रिक पदांकडे तेव्हाही कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसरी वाट कंत्राटाची. पद भरायचेच नाही, एजन्सीकडून माणूस घ्यायचा. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत बाह्यस्रोत भरतीचा निर्णय काढला. ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. जीआर गेला, पद्धत कुठे गेली? आजही बहुतेक सरकारी कचेऱ्यांत डेटा एंट्रीला एजन्सीचीच मुले असतात, आणि त्यांत मुली भरपूर. म्हणजे बायका आहेत, पण अकरा महिन्यांच्या करारावर आणि कीबोर्डाच्या खालच्या टोकाला. बाळंतपण आले की करार संपतो. ही जगाचीच जुनी रीत दिसते: 1940 च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एनियाक या संगणकाच्या प्रोग्रामिंगचे काम सहा बायकांनी केले, आणि 1946 मध्ये त्याच्या प्रदर्शनानंतर झालेल्या मेजवानीचे आमंत्रण त्यांना नव्हते. निदान त्या कायम तरी होत्या की नाही, असला प्रश्न आपल्या मुलींच्या मनात येत असेल!

माझी सूचना रुक्ष आहे. राज्यातल्या सगळ्या अकृषी विद्यापीठांची संगणकाची पदे मिळून एकच संवर्ग करा. एका विद्यापीठात प्रोग्रामर एकाकी असेल. सगळी एकत्र मोजली की बिंदू आपोआप लागतात, 30 टक्के महिला येतात, दिव्यांगांचे 4 टक्के येतात. त्यासाठी 2016 च्या विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि प्रत्येक विद्यापीठ आपल्या स्वायत्ततेचा झेंडा काढील. ही स्वायत्तता एजन्सीला कंत्राट देताना कुठे असते, तेही त्यांनी सांगावे.

खरा आक्षेप बदलीचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. एक संवर्ग झाला की बदल्या आल्या. 2011 मध्ये आपल्याच विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या गोंडवाना विद्यापीठात, गडचिरोलीला, नागपूर-पुण्याचा प्रोग्रामर जायला तयार होणार नाही. आपल्या राज्यात गडचिरोलीची बदली ही शिक्षाच समजतात. पण हा आक्षेप घेणारा गृहीत धरतो की प्रोग्रामर नेहमी नागपूर-पुण्याचाच असणार. संवर्गात त्याच भागातल्या कोरचीची, एटापल्लीची, देवरीची मुले आली तर निम्म्या जागांसाठी मारामारी उलट्या दिशेने होईल.